शत्रूचा रंग बोलताना

आमच्या घरात रविवारची जेवणं उरकली की अण्णा स्वतः उठून ओसरीवरचं चौकोनी टेबल पुसायचे. एरवी पाण्याचा तांब्या हातात द्यावा लागणारा हा माणूस त्या एका कामाला मात्र कुणाला हात लावू देत नसे. टेबलावर हिरवं कापड, कोपऱ्यांना चिमटे, मधोमध पत्त्यांचे दोन जोड. मग डॉक्टर यायचे, बँकेचे मॅनेजर यायचे, कोर्टातले नाझर यायचे आणि दिवेलागणीपर्यंत ओसरीवरून फक्त आकडे आणि रंग ऐकू यायचे. एक इस्पिक. दोन किलवर. पास. तीन बदाम. पास. पास. मागच्या बाजूला पिठाची गिरणी घरघरायची, पलीकडे एसटी स्टँडवर कंट्रोलर कापूरहोळच्या गाडीचा पुकारा करायचा, आणि या सगळ्या गोंगाटात ही चार माणसं देवळात बसल्यासारखी बसलेली. आई मधूनमधून चहा द्यायची आणि चारच्या सुमाराला कांद्याची भजी. डॉक्टरांना भज्यांवर लिंबू लागायचं, ते तिनं न विचारता द्यायचं. मॅनेजरांना चहात साखर कमी लागायची, तेही तिनंच लक्षात ठेवायचं.

अण्णा भोरच्या कोर्टात वकील होते. मूळचे वेल्ह्याकडचे. आईवडील लहानपणीच गेले, थोरल्या बहिणीनं, आक्कानं, शेळ्या राखून आणि भातलावणीला जाऊन त्यांना वाढवलं आणि शिकायला पुण्याला धाडलं. तिथं लॉ कॉलेजच्या होस्टेलवर ते ब्रिज शिकले. आपल्याला हा साहेबी खेळ येतो याचा त्यांना वकिलीच्या सनदेपेक्षा जास्त अभिमान होता. कोर्टात हरलेली केस ते जेवायच्या आत विसरायचे. ब्रिजमधला हरलेला डाव मात्र आठवडाभर घरात फिरायचा, आणि आम्ही त्याच्या वाटेत येऊ नये म्हणून भिंतीला लागून चालायचो.

नाझरांची बदली झाली आणि चौथा भिडू मिळेना. टेबल पुसायचं, चिमटे लावायचे आणि तिघांनी गप्पा मारून उठायचं, असं काही रविवार चाललं. मी तेव्हा शाळेत होते, गणितात बरी होते, आणि ओसरीच्या कडेला बसून अभ्यास करता करता नकळत पानं मोजायची मला खोड लागली होती. एकदा तिघं वेळ काढायला नुसतीच पानं टाकत बसले असताना डॉक्टर सहज म्हणाले, "चौकटची राणी कुठं गेली कुणास ठाऊक," आणि मी वहीतून मान वर न करता म्हणाले, "मॅनेजरकाकांकडे आहे." त्या रविवारपासून मी अण्णांची भिडू झाले. खोटं कशाला बोलू, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. धाकटा भाऊ दिलीप मुलगा म्हणून लाडका होता, पण अण्णांच्या समोरच्या खुर्चीवर मी बसत होते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. समोरासमोर बसलेले दोघं भिडू असतात. खेळायच्या आधी बोली लागते. आपण किती हात करू आणि कुठला रंग हुकूम ठेवून करू, हे आळीपाळीनं बोलायचं. सगळ्यात वरची बोली ज्यांची, त्यांच्या गळ्यात तो डाव पडतो. पण बोलीचा खरा उपयोग वेगळाच. भिडूला आपल्या हातातली पानं दाखवता येत नाहीत, डोळ्यांनी खुणावता येत नाही, एक अक्षर जास्त बोलता येत नाही. जे सांगायचं ते त्या आकड्यातून आणि रंगातूनच सांगायचं. आणि त्यातली सगळ्यात अवघड बोली म्हणजे क्यू बिड. अण्णा तिला 'शत्रूचा रंग बोलणं' म्हणायचे. शत्रूनं बदाम बोलला, आणि आपल्याकडे बदामाचं धड पान नसताना आपणही बदामच बोलायचा. ऐकणाऱ्या परक्या माणसाला वाटावं, यांना बदाम हवाय. आपल्या माणसानं समजायचं, बदाम सोडून काहीतरी हवंय.

काय हवंय, ते मात्र वेळेवर अवलंबून. अण्णांनी मला हे एका सुट्टीत नीरेच्या काठानं फिरताना शिकवलं. शत्रूनं तोंड उघडल्या उघडल्या आपण त्याचाच रंग बोललो तर अर्थ असा, की माझा हात इतका भारी आहे की कुठल्या रंगात खेळायचं ते तू सांग, मी निभावून नेईन. आधी भिडूनं एक रंग बोललाय, मधे शत्रू घुसलाय, आणि मग आपण शत्रूचा रंग बोललो, तर तुझा रंग मला पसंत आहे आणि माझ्याकडे जोरही आहे. कधी सगळी घरं बंद असतात, शत्रूचं तेवढं एक दार उघडं राहिलेलं असतं. तेव्हा तो रंग बोलणं म्हणजे भिडूला विचारणं, की त्या दाराला तुझ्याकडे अडसर आहे का? आणि हुकूम ठरून गेल्यावर, मोठ्या डावाकडे चढत जाताना तो रंग बोलला तर त्याचा अर्थ, इथून भिऊ नकोस, इथला एक्का माझ्याकडे आहे. मी विचारलं, "मग नेमका कुठला अर्थ ते कळायचं कसं?" अण्णा म्हणाले, "आधी काय काय बोललं गेलं ते आठवायचं. कोण बोललं, कुणाच्या नंतर बोललं, आणि बोलणारा माणूस कसा आहे. बाकी काही चुकलं तरी चालेल, शालू. पण भिडू शत्रूचा रंग बोलला की पास म्हणायचं नाही. त्याला तिथं टाकून द्यायचं नाही."

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. आई सारोळ्याची, शाळा जेमतेम झालेली. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आगं, बायका जल्मभर ह्येच करत्यात. तुज्या अण्णांनी त्याला पानं लावली, एवढंच." मी हसले. पण नंतर लक्षात आलं, भाकरी कमी असली की आई म्हणायची, "मला भूक न्हाई," आणि अण्णा खुशाल तिच्या वाटणीची भाकरी आपल्या ताटात घ्यायचे. टेबलाशी डॉक्टरांच्या एका सुस्काऱ्यावरून त्यांचा हात ओळखणारा माणूस! तेव्हा मला याची गंमत वाटली होती. आता वाटत नाही.

बारावीला मला गणितात चांगले गुण पडले. पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, मुलींच्या होस्टेलवर जागा मिळाली. अण्णांच्या मनात नव्हतं. पोरगी एकटी पुण्यात राहणार म्हटल्यावर ते कपाळाला आठी घालून बसायचे. पण डॉक्टरांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली, "वकीलसाहेब, ही नाव काढणार तुमचं," तेव्हा त्यांना नाही म्हणता आलं नाही. आईनं लोखंडी ट्रंक घासूनपुसून आणली. तिच्यात दोन चादरी, मेतकुटाचा डबा, शेंगदाण्याचे लाडू आणि वर माझ्या वह्या. ती ट्रंक मधल्या खोलीत होती आणि येता-जाता मी तिची कडी उगाच हलवून बघायची.

त्याच दिवसांत वेल्ह्याहून निरोप आला. भातलावणीला चिखलात बांधावरून पाय सरकला आणि आक्काच्या मांडीचं हाड मोडलं. अण्णा जाऊन तिला दवाखान्यात बघून आले. आल्यावर पायरीवर बसून बूट काढता काढता म्हणाले, "आक्का म्हणते, मला कुणी नको, मी माझी राहीन." मग डाव ओळखल्यासारखे हसले. "नको म्हणते, म्हणजे काय ते समजा. मानी आहे ती. आपण होऊन मागायची नाही."

पाठोपाठ तात्या आला. हा अण्णांचा चुलतभाऊ, वेल्ह्यालाच असायचा. ओसरीवर मांडी ठोकून, तंबाखू मळत त्यानं सुरुवात केली. "तुला वकील कुनी क्येला? आक्कानं. आन् आज तिला तांब्याभर पानी द्यायला घरचं मानूस न्हाई. भावकी मला इचारती, वकिलाकडनं कोन आलंय? म्या काय सांगू?" आईची शाळेच्या स्वयंपाकाची नोकरी, ती सुटली असती तर पुन्हा मिळाली नसती. दिलीपचं दहावीचं वर्ष. म्हणजे कुणी तसं बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत मधल्या खोलीच्या दाराशी आल्या. तिथं मी उभी होते. माझ्या मागं ट्रंक.

तात्यानं त्याचा रंग बोलून टाकला होता. वेल्हे. मी अण्णांकडे बघितलं. ते बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत होते, राहिलेली पानं मोजताना फिरवायचे तसा. मला वाटलं, यांना बोलायचंय, पण भावकीपुढं स्वतः होऊन तोंड उघडता येत नाही. आपण वाट करून द्यावी. आणि मी, त्यांनी शिकवलेली, त्यांची भिडू, पुढं झाले आणि म्हणाले, "मी जाते की वेल्ह्याला."

मला काय हवं होतं ते अगदी स्वच्छ सांगते, कारण पुढं आयुष्यभर या वाक्याचा उलटा अर्थ माझ्या तोंडावर मारला गेला. मी तात्याचा रंग आपण होऊन उचलला होता, तो अण्णांनी खाली ठेवावा म्हणून. मी तयारी दाखवली की कुणाला मला स्वार्थी म्हणता येणार नव्हतं. मग अण्णांनी म्हणायचं होतं, "छे छे, पोरीचं कॉलेज आहे. शेजारची बाई ठेवू, मी दर आठवड्याला येत जाईन." हे शब्द माझ्या कानात वाजायला लागलेसुद्धा होते.

अण्णांनी मान वर केली. मांडीवर हात आपटून म्हणाले, "बघ तात्या! पोर न सांगता समजली."

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आली. "अवो, पर तिचं कालेज..."

"ती स्वतः म्हणतेय ना?" अण्णा म्हणाले. "आपण कशाला मधे पडायचं? चहा टाक तात्याला."

आईनं चहा टाकला. त्याच संध्याकाळी ट्रंकेतल्या वह्या बाहेर निघाल्या आणि त्या जागी आक्कासाठी गोधडी गेली.

हल्ली भाचीनं माझ्या मोबाईलवर ब्रिजचा खेळ घालून दिलाय. कुठली कुठली माणसं असतात, कधी नुसतं यंत्रच. त्यात एक सोय आहे. कुणाच्याही बोलीवर बोट ठेवलं की चौकट उघडते आणि बोलीचा अर्थ लिहून येतो. शत्रूचा रंग बोललेला असला तर स्पष्ट लिहिलेलं असतं, भिडूनं पास म्हणू नये. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी मोबाईल उशीखाली सारला. भाचीला वाटलं, म्हातारीला जमत नाही.

वेल्ह्याचं घर तोरण्याच्या पायथ्याला, बाजारापासून जरा आत. पुढं अंगण, बाजूला शेळ्यांचा गोठा. सकाळी उठल्यापासून शेळ्यांचं बें बें, त्यात दुपारी तहसील कचेरीकडे जाणाऱ्या एसटीची घरघर. आक्का खाटेवर पडून मला हुकूम सोडायची. नाचणीची भाकरी कशी थापायची, हुलग्याचं माडगं किती आटवायचं, कुठली शेळी आपल्या करडाला पाजत नाही. माझ्या हातची पहिली भाकरी तिनं हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाली, "ही कौलावर टाक. गळती थांबंल." वेदनेनं तोंड वाकडं व्हायचं, पण तिनं एकदाही आई गं म्हटलं नाही. ती चालायला लागली, तरी पाय आखूडच राहिला. मी परत जायचा विषय कुणी काढला नाही. अण्णा सणासुदीला यायचे, ओसरीवर बसून चार लोकांत माझं कौतुक करायचे. "स्वतःच्या मनानं आली हो." मी आत माडगं ढवळत असायची. तोंड उघडलं असतं तर त्याच पळीनं काहीतरी केलं असतं.

माझ्याबरोबरच्या मुली पदवीधर व्हायच्या बेतात आल्या, तेव्हाची गोष्ट. दुपारी शेळ्या बांधून झाल्या की मी जुनं गणिताचं पुस्तक काढून बसायची. कशासाठी ते माझं मलाही सांगता आलं नसतं. आक्का काठी टेकत आली, शेजारी बसली आणि पुस्तकाकडे बघत म्हणाली, "शाले, तुला तर शिकायचा कटाळा व्हता ना? मग ह्ये काय उकरत बसतीस रोज?"

"कोण म्हणालं, मला कंटाळा होता?"

"तुजा बा. म्हनला, पोरीचं मन न्हाई शिकन्यात, हिकडं यायचा हट्टच धरलाय. म्या म्हनलं, मला कुनी नगं. दवाखान्यातबी म्हनलं, घरी आल्यावबी म्हनलं. शेजारची ठका हाय, तिची सून हाय, दोन घास देत्याल. तर म्हनला, तुज्यासाठी न्हाई गं आक्का, पोरीसाठी ठिवून घे. मंग ठिवून घेतलं. पोर हाय, आवडतंय तिला, म्हनून म्या बोलले न्हाई कदी."

"तुला खरंच कुणी नको होतं?"

आक्कानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी येडगळासारखं विचारलंय. "नगं म्हंजे नगं. त्यात आनि खरं-खोटं काय आस्तंय?"

मी पुस्तक मिटलं. ती माझ्यासाठी मला ठेवून घेत होती आणि मी तिच्यासाठी राहत होते. तिनं सरळ सांगितलेलं अण्णांनी उलटं करून घरी आणलं. मी उलटं बोललेलं सरळ करून तिच्याकडे नेलं. दोन्ही वेळा अर्थ त्यांच्या सोयीचा लागला. भावकीत नाव राहिलं आणि पोरगी पुण्याला जायची टळली. मला रडू आलं नाही, संताप आला. आक्काला सगळं सांगितलं. तिनं काठीनं जमीन टोकरली. मग म्हणाली, "जा. इचारून ये त्याला."

रविवारी सकाळची एसटी धरून, फाट्यावर गाडी बदलून मी भोरला पोचले तेव्हा टेबल पुसून झालेलं होतं. डॉक्टर, मॅनेजर आणि अण्णा, तिघंच बसले होते. मला बघून अण्णांचा चेहरा उजळला. "आलीस! वेळेवर आलीस. हा दिलीप काही शिकत नाही बघ. बस, बस." आई हात पुसत बाहेर आली आणि माझा चेहरा बघून तिथंच थांबली. विचारायला आलेली मी, पण ती समोरची खुर्ची दिसली आणि बसले. पानं हातात घेतली.

डॉक्टरांनी बोली उघडली, "एक बदाम." अण्णा जरा सावरून बसले आणि म्हणाले, "दोन बदाम." मॅनेजर पास. माझी पाळी. माझ्या हातात इस्पिकं होती, एक्का, राणी आणि खाली लांबलचक रांग. बदामाची दोन दरिद्री पानं. अण्णांचा हात केवढा भारी असणार, ते मला समोरून वाचता येत होतं. मी फक्त इस्पिक म्हणायची खोटी, आम्ही थेट वरच्या डावापर्यंत गेलो असतो.

"पास," मी म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, आणि घाईघाईनं पास म्हणून टाकलं. डाव अण्णांच्या गळ्यात पडला. बदाम हुकूम, आणि बदाम जवळजवळ सगळे शत्रूकडे. मॅनेजरांनी पहिलं पान टाकलं, आणि रीतीप्रमाणे मी माझी पानं टेबलावर उघडी मांडली. इस्पिकांची रांग सगळ्यांत आधी मांडली, नीट, एकाखाली एक. अण्णा ती बघत राहिले.

"शालू, एवढा हात होता. आणि पास?"

"तुम्ही स्वतः म्हणालात ना, अण्णा, दोन बदाम? मला वाटलं, तुम्हाला तेच हवंय. मी कशाला मधे पडू?"

डॉक्टर मोठ्यानं हसायला लागले आणि कुणीच हसत नाही बघून थांबले. अण्णांनी डाव खेळून काढला. हातामागून हात गेला. त्यांच्या एक्क्यांवर, राजांवर डॉक्टर बदामाची दुर्री-तिर्री टाकून हात उचलत होते, आणि ते एकेक पान काढून देत होते. शेवटी पत्ते गोळा करताना, माझ्याकडे न बघता, हलक्या आवाजात म्हणाले, "कळलं होतं मला."

"काय?"

"तू वेल्ह्याला जाते म्हणालीस, तेव्हा. त्याच क्षणी कळलं होतं."

मी त्यांना जाब विचारायला आले होते, आणि मी न विचारताच त्यांनी तो दिला. तरी त्या सकाळपर्यंत, एसटीत खिडकीशी बसून येतानासुद्धा, मी एक गोष्ट धरून होते. अण्णांना कळलं नसेल. भावकीसमोर गांगरले असतील, चुकले असतील. चुकलेल्या भिडूला मी माफ केलं असतं, मीही काही कमी चुकले नव्हते त्या टेबलाशी. आक्काचं सगळं ऐकूनही मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात मी ते जपून ठेवलं होतं. तेवढंही त्यांनी ठेवलं नाही.

पुढं मी बाहेरून परीक्षा दिल्या, वेल्ह्याच्या शाळेत जन्मभर मुलांना गणित शिकवलं, आक्काच्या शेवटापर्यंत तिच्याजवळ राहिले. त्याचं कुणी कौतुक केलं की मी विषय बदलते. पण त्या रविवारी हे काहीच ठरलेलं नव्हतं. मॅनेजर पुढचा डाव पिसत होते. आईनं भज्यांची ताटली आणून ठेवली. मी उठले, चपला घातल्या आणि पायरीवरून म्हणाले, "जाते मी."

आपल्याकडे घरातून निघताना असं म्हणत नाहीत. आई ओसरीच्या कडेपर्यंत धावत आली. "आगं, जाते नगं म्हनू. येते म्हन, शालू. येते म्हन!"

मी बाहेर पडून फाटक लावून घेतलं.